लारिसाला चमत्कार म्हणू नका

मराठीत फुटबॉलवर लिहिणाऱ्या आणि बोलणाऱ्या सर्व मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

वेरोना 1985, कायझर्सलाउटर्न 1998, लेस्टर 2016. लहान गावच्या क्लबने बड्यांना मागे टाकून देशाची लीग जिंकली असा विषय निघाला, की तुमच्या लेखांत ही नावं ठरलेल्या क्रमाने येतात. ती यायलाच हवीत. पण या यादीत मला नेहमी एक जागा रिकामी दिसते. कधी भरली गेलीच तर एका वाक्यात भरते: 1988 साली ग्रीसमध्ये लारिसा नावाच्या छोट्या क्लबनेही असाच चमत्कार केला होता. पुढचा परिच्छेद लगेच इंग्लंडकडे वळतो. त्या वाक्यातल्या ‘चमत्कार’ या शब्दावर माझा आक्षेप आहे आणि त्यासाठीच हे पत्र लिहितोय.

मी पत्रकार नाही. रत्नागिरीचा माणूस, आयुष्य जहाजांच्या इंजिन रूममध्ये गेलं. ग्रीक मालकांच्या जहाजांवर बरीच वर्षं काढली. त्यातली काही एका चीफ इंजिनिअरच्या हाताखाली. तो लारिसाजवळच्या एका गावचा, शेतकऱ्याचा मुलगा. वॉच, म्हणजे कामाची पाळी, संपल्यावर मेसमध्ये बसला की राजकारणावर बोलायचा नाही, बायकामुलांवर फारसा नाही. ‘आएल’वर मात्र तासन्‌तास. आएल म्हणजे लारिसा अॅथलेटिक युनियन, तिथल्या लोकांच्या तोंडचं लाडकं नाव. त्याच्याकडून ऐकलं, मग जे सापडलं ते वाचलं, आणि आमचं जहाज व्होलोस बंदरात सिमेंट भरायला लागलं तेव्हा एका सुट्टीच्या दिवशी साठेक किलोमीटरवरच्या त्या शहरात जाऊनही आलो.

आधी एक हिशेब मांडतो. ग्रीसचं राष्ट्रीय अजिंक्यपद 1927-28 च्या हंगामापासून सुरू आहे. इतक्या वर्षांत ते जिंकणारे क्लब फक्त सहा. ऑलिम्पियाकोस, पानाथिनाइकोस आणि एईके हे अथेन्स-पिरेअसच्या पट्ट्यातले. पाओक आणि आरिस हे थेसालोनिकीचे. सहावं नाव लारिसा. या दोन महानगरांबाहेर अजिंक्यपद एकदाच गेलं, आणि ते याच शहरात. अथेन्सच्या त्या तिघांचा दबदबाही पहिल्या दिवसापासूनचा. महासंघाशी बिनसलं म्हणून तिघांनी एकी करून पहिल्या अजिंक्यपदावर बहिष्कार टाकला होता, आणि ते आरिसने जिंकलं. तिघांच्या नावांतल्या अक्षरांवरून पडलेलं ‘पोक’ हे नाव ग्रीसमध्ये अजून चिडून उच्चारलं जातं.

आता लारिसा. ग्रीसच्या थेसाली प्रांताचं मोठं सपाट शिवार, मधून वाहणारी पिनियोस नदी, उत्तरेला ऑलिम्पस पर्वत. गहू आणि कापसाचा मुलूख. इथल्या घोड्यांची कीर्ती प्राचीन काळापासूनची. लारिसाच्या जुन्या नाण्यांवर घोडा आहे आणि क्लबच्या बोधचिन्हातही घोडा आहे. हा भाग 1881 साली ग्रीसमध्ये आला, पण जमीन बड्या जमीनदारांच्याच ताब्यात राहिली आणि कसणारा कूळच राहिला. 1910 च्या मार्चमध्ये शेतकरी लारिसातल्या सभेला निघाले होते. किलेलेर स्थानकावर तिकिटावरून गाडीत चढण्याचा वाद झाला, सैनिकांनी गोळ्या चालवल्या, माणसं मेली. तिथल्या पोरांना ही तारीख तोंडपाठ असते. हे मी उगाच सांगत नाही. 1988 साली जे घडलं ते समजायला रूळ, रस्ता आणि शेतकरी हे नातं आधी माहीत असावं लागतं.

क्लबचा जन्म मे 1964 चा, आणि माझ्या मते सगळ्या गोष्टीचं मूळ तिथे आहे. तोवर शहरात इराक्लिस, आरिस, तोक्सोतिस आणि लारिसाइकोस असे चार संघ होते. चौघांचे आपापले रंग, आपापले मोहल्ले, आपापली भांडणं. चारही संघ विसर्जित करून एक संघ उभा केला गेला. कोल्हापूरकरांना याचं वजन वेगळं समजावायला नको. पाटाकडील आणि खंडोबा या तालमींच्या फुटबॉल संघांना कुणी सांगून बघावं, की उद्यापासून तुमचं नाव नाही, पेठ नाही, झेंडा नाही, फक्त ‘कोल्हापूर’ एवढाच संघ. लारिसाच्या लोकांनी हे गिळलं. पुढच्या सगळ्या यशाची किंमत त्यांनी त्या दिवशी आगाऊ मोजली, असं मला वाटतं. नव्या संघाला रंग मिळाला ‘व्हिसिनी’, म्हणजे आंबट चेरीचा गडद लाल. आमच्याकडे पिकल्या रातांब्याची साल जशी दिसते तसाच. चीफच्या केबिनमध्ये त्या रंगाचा एक विटलेला मफलर टांगलेला असे.

1973 साली आएल पहिल्यांदा वरच्या श्रेणीत आली, दोन वर्षांत खाली गेली, 1978 ला परत आली आणि मग अठरा वर्षं हलली नाही. परतल्यावर काही महिन्यांतच, 1979 मध्ये, मुसियारिस आणि कुकुलित्सिओस हे दोन खेळाडू मोटार अपघातात गेले. चीफ तेव्हा शाळकरी होता. त्या दिवशी बाजारपेठ गप्प झाली होती, एवढंच तो सांगायचा.

आता वर्षं नीट बघा. 1982 मध्ये ग्रीक कपच्या, म्हणजे लीगहून वेगळ्या बाद पद्धतीच्या स्पर्धेच्या, अंतिम फेरीत, पानाथिनाइकोसकडून 0-1 ने हार. 1983 मध्ये लीगमध्ये दुसरा क्रमांक. 1984 मध्ये पुन्हा कपची अंतिम फेरी, पुन्हा पानाथिनाइकोस, पुन्हा हार. त्या हंगामाच्या जोरावर 1984-85 मध्ये युरोपच्या कप विनर्स कपमध्ये, म्हणजे देशोदेशीच्या कप विजेत्यांच्या स्पर्धेत, प्रवेश. हंगेरीचा शिओफोक बाद, स्वित्झर्लंडचा सर्व्हेत बाद, आणि उपांत्यपूर्व फेरीत डायनामो मॉस्कोशी दोन सामन्यांत मिळून फक्त एका गोलने हार. त्याच हंगामाच्या शेवटी ग्रीक कपचा अंतिम सामना पाओकशी. पाओक त्या वर्षीचा लीग विजेता. निकाल 4-1, आएलच्या बाजूने.

म्हणजे 1988 च्या आधीची सहा-सात वर्षं हा संघ दरवाजा ठोठावत होता. ज्याला तुम्ही चमत्कार म्हणता तो आधी तीन अंतिम सामने खेळला होता आणि त्यातले दोन हरला होता.

आणि तो खेळत होता कुणाच्या जिवावर? बहुतांश घरच्या पोरांच्या. गोलरक्षक प्लित्सिस, झिओगास, वालाओरास, पात्सियावुरास, वुतिरित्सास, आगोरोयानिस, आणि वासिलिस काराप्यालिस. काराप्यालिस लारिसाचाच. पायात चेंडू असा चिकटायचा, की चीफ त्याचं वर्णन करताना टेबलावरचे चमचे-वाट्या सरकवून दाखवायचा. बचावात मित्सिबोनास. बाहेरून आणलेल्यांत पोलंडच्या माणसांचा वाटा मोठा. क्मियेचिकसारखा मुरलेला आघाडीपटू तिथे खेळला. 1985 चा कप जिंकला तेव्हा प्रशिक्षक आंजेय स्ट्रेयलाऊ होता आणि 1988 ला यात्सेक ग्मोख. दोघेही पोलिश.

ग्मोखबद्दल चार ओळी जास्त लिहितो, कारण मी इंजिनिअर आणि तोही शिकलेला इंजिनिअर. 1974 च्या विश्वचषकात पोलंड तिसरा आला, त्या संघासाठी प्रतिस्पर्ध्यांची माहिती गोळा करून तिची छाननी करण्याचं काम त्याने केलं होतं. 1978 च्या विश्वचषकात तो स्वतः पोलंडचा मुख्य प्रशिक्षक. पुढे ग्रीक टीव्हीवर तो पडद्यावर वर्तुळं आणि बाण काढून सामना उलगडायचा, ती वर्तुळं तिथे घराघरांत प्रसिद्ध झाली. हा माणूस 1986 मध्ये लारिसात परत आला तो पाटी-पेन्सिल घेऊनच. सामना कुठे जिंकला जातो आणि कुठे निसटतो हे मोजून ठेवणाऱ्याच्या हाती, एकमेकांना लहानपणापासून ओळखणारी पोरं आली. एवढं साधं कारण आपल्या लेखांत कधी येत नाही.

एक नोंद आनंदाची नाही, पण गाळू नका. ऑक्टोबर 1986 मध्ये लारिसाच्या अल्काझार स्टेडियममध्ये पाओकविरुद्धच्या सामन्यात प्रेक्षकांतून फेकलेली पेटती फ्लेअर लागून आएलचा एक चाहता जागीच गेला. सामना बघायला आलेला माणूस घरी परतला नाही. ग्रीक स्टेडियमच्या ‘धगधगत्या वातावरणा’चं कौतुक करताना, धुराच्या रंगीत फोटोंखाली ओळी लिहिताना, हे आठवत जा.

आता 1987-88. लीग रंगात आलेली, आएल आघाडीवर. पानाथिनाइकोसविरुद्धच्या सामन्यानंतर आएलचा बल्गेरियन खेळाडू गेओर्गी त्सिंगोव्ह उत्तेजक चाचणीत दोषी ठरला. नमुन्यात सापडलं कोडीन. खोकल्याच्या औषधांत असतं ते. तेव्हाच्या नियमाप्रमाणे शिक्षा खेळाडूवर थांबत नव्हती, संघाचे गुणही कापले जायचे. तसे ते कापले गेले, आणि अजिंक्यपद हातातून निसटताना दिसू लागलं.

मार्च 1988. बातमी आल्यावर शहर रस्त्यावर उतरलं. नकाशा काढून बघा: अथेन्सहून थेसालोनिकीला जाणारा महामार्ग आणि लोहमार्ग दोन्ही लारिसावरून जातात. अथेन्सच्या मुख्य स्थानकाचं नावच ‘लारिसा स्टेशन’ आहे. लोकांनी महामार्ग अडवला, रूळ अडवले. देशाचे दोन तुकडे झाले. उत्तरेकडचा माणूस दक्षिणेला जाईना, दक्षिणेकडचा उत्तरेला. चीफ तेव्हा दोन जहाजांच्या मधल्या सुट्टीत घरी होता. तोही महामार्गावर बसला. थंडी होती, शेकोट्या होत्या, आसपासच्या गावांतून ट्रॅक्टर आले होते, बायका घरून डबे आणत होत्या. फार्सालाच्या हलव्याचे तुकडे वाटले गेले, हे तो खास सांगायचा. ‘हलवा’ हा शब्द आमच्याकडेही तोच आहे हे मी सांगितलं तेव्हा त्याला भारी आनंद झाला होता.

शेवटी सरकारने कायदा बदलला. दोषी खेळाडूला शिक्षा होईल, पण संघाचे गुण जाणार नाहीत. आएलचे गुण परत मिळाले.

इथे मी तुमच्याशी प्रामाणिक राहतो. अथेन्समध्ये आजही असं म्हणणारे भेटतात, की हे अजिंक्यपद रस्त्यावर जिंकलं. मी याच्यावर खूप विचार केला आहे. हंगाम चालू असताना, जमावाच्या रेट्याने नियम बदलणं ही चांगली प्रथा नाही, हे मी चीफच्या तोंडावरही बोललो होतो. अडकलेल्या गाड्यांत आजारी माणसंही असतील, हेही बोललो. पण मूळ नियमच चुकीचा होता. एका माणसाने घेतलेल्या औषधापायी मैदानावर घाम गाळलेल्या बाकीच्यांचं काम पुसून टाकायचं, याला न्याय म्हणता येत नाही. आणि तो नियम अथेन्सच्या एखाद्या बड्या क्लबवर असाच चालला असता का, हा लारिसाकरांचा प्रश्न मला अजून खोडता आलेला नाही. शिवाय त्यांना परत मिळाले ते मैदानावर कमावलेलेच गुण. नवे कुणी दान दिले नाहीत.

मग 1 मे 1988. आपल्याकडे महाराष्ट्र दिन, तिकडे कामगार दिनाची आणि वसंताची सुट्टी. अल्काझारमध्ये पाहुणा संघ थेसालोनिकीचा इराक्लिस. जिंकलं की अजिंक्यपद पक्कं. स्टेडियममध्ये मुंगी शिरायला जागा नाही, आणि गोल काही होईना. सामना सरत आला तरी 0-0. शेवटच्या काही मिनिटांत चेंडू गोलसमोर आला आणि डोकं लागलं ते बचावपटू मित्सिबोनासचं. 1-0. चीफ त्या दिवशी समुद्रात होता, हे त्याच्या आयुष्याचं शल्य. रस्त्यावर मार्चमध्ये बसलेला माणूस मे महिन्यात हिंदी महासागरात, आणि निकाल कळला तो रेडिओवर, खरखरीतून. पुढे आम्ही एका जहाजावर असताना दर 1 मे ला तो वॉचआधी मेसमध्ये सगळ्यांना त्सिपुरो या ग्रीक दारूचा एकेक घोट द्यायचा. मी त्याला चिक्की द्यायचो. आमचाही सण असतो म्हणून.

पुढच्या हंगामात युरोपियन कपमध्ये स्वित्झर्लंडच्या नॉयशाटेल झामॅक्सशी गाठ पडली. घरी 2-1, बाहेर 1-2, आणि पेनल्टींवर हार. ग्मोख ऑलिम्पियाकोसकडे गेला. मित्सिबोनास पुढे पाओक आणि ऑलिम्पियाकोसकडून खेळला, काराप्यालिसही ऑलिम्पियाकोसला गेला. घरची पोरं घडवणाऱ्या क्लबला ती फार काळ ठेवता येत नाहीत, कारण पैसा महानगरात असतो. 1996 ला आएल खाली घसरली. त्यानंतर कर्ज, पुन्हा घसरण, तिसरी श्रेणी, क्लब बंद पडतो की काय अशी अवस्था. त्याच काळात, 1997 च्या सप्टेंबरात, मित्सिबोनास मोटार अपघातात वारला. पस्तिशीही झाली नव्हती. चीफ एवढा बोलका, पण याच्यावर एका वाक्यापलीकडे कधी बोलला नाही.

इथवर कुणी सांगितलंच, तर गोष्ट इथे संपवतात. ती संपली नव्हती. कोस्तास पिलादाकिस या उद्योजकाने क्लब हाती घेतला, योर्गोस दोनिस हा तरुण प्रशिक्षक आला. 2004 ला एक श्रेणी वर, 2005 ला आणखी एक. 2004 ची युरो, म्हणजे युरोपीय देशांची स्पर्धा, जिंकलेल्या ग्रीक संघातले निकोस दाबिझास आणि स्तेलिओस वेनेतिदिस इथे खेळायला आले. आणि 5 मे 2007 ला पुन्हा ग्रीक कपची अंतिम फेरी, समोर पुन्हा तोच पानाथिनाइकोस. सामना व्होलोसच्या पानथेसालिको स्टेडियमवर. व्होलोस म्हणजे लारिसाचं शेजारचं आणि पक्क्या वैराचं शहर. आएलने 2-1 ने जिंकला. तिसऱ्या श्रेणीतून कपपर्यंत यायला तीन वर्षं लागली. त्या वेळी आम्ही एकाच जहाजावर, अटलांटिकमध्ये होतो. कॅप्टनने चीफला सॅटेलाइट फोन दिला. पलीकडून काय ऐकू आलं माहीत नाही, पण तो फोन कानाला लावून बराच वेळ नुसता उभा होता. एक शब्द बोलला नाही.

त्याच शरदात आएलने यूएफा कपमध्ये इंग्लंडच्या ब्लॅकबर्न रोव्हर्सला दोन सामन्यांत मिळून 3-2 ने बाहेर काढलं. गटात पुढे चारही सामने हरले, पण गट कसा होता तेही बघा: एव्हर्टन, न्यूरेम्बर्ग, आल्कमार, आणि त्या वर्षीचा कप जिंकणारा झेनित. 2010 मध्ये सोळा हजार आसनांचं नवं स्टेडियम उभं राहिलं, आणि त्याच हंगामात संघ खाली गेला. त्यानंतरची चढउतार मी इथे सांगत बसत नाही. 2023 च्या सप्टेंबरात डॅनियल वादळाने थेसालीचं शिवार पाण्याखाली गेलं, पिनियोस लारिसाच्या वस्त्यांत शिरली. मी चीफला फोन केला. तो निवृत्त होऊन गावी शेती बघत होता, म्हणाला कापूस गेला, माणसं आहेत. 2025 ला आएल पुन्हा वरच्या श्रेणीत परतली, तेव्हा फोन त्याने केला.

तुमच्याकडे माझं मागणं फार नाही. पुढच्या वेळी ती यादी लिहाल तेव्हा लारिसाला दोन वाक्यं जास्त द्या. त्यात चार संघ एक झाल्याचं 1964 साल येऊ द्या, 1982 आणि 1984 चे हरलेले अंतिम सामने येऊ द्या, ग्मोख आणि स्ट्रेयलाऊ येऊ द्यात. महामार्ग अडवल्याचं सांगणार असाल तर नियम काय होता तेही सांगा, नाहीतर तो फुटबॉलवेड्यांचा दंगा वाटतो. ‘छोटा क्लब’ हा शब्दही एकदा तपासून घ्या. लारिसाला तिथे ‘शिवाराची राणी’ म्हणतात, आणि ते शिवार थेसालीएवढं आहे. तुमच्यापैकी कुणी यूट्यूबवर मराठीत बोलत असेल तर 1 मे च्या दिवशी बोला, तारीख लक्षात राहायला आपल्याला सोपी आहे.

आणि ‘अपूर्व’, ‘अविश्वसनीय’, ‘परीकथा’ हे शब्द लिहिण्याआधी क्षणभर थांबा. शेकोटीजवळ बसलेल्या कुणालाच ती परीकथा वाटत नव्हती. आपलं आहे ते परत मागायला ते बसले होते.

कुणाला सविस्तर लिहायचं असेल तर माझ्याकडे चीफने सांगितलेल्या आठवणींच्या दोन वह्या आहेत, लॉगबुकसारख्या तारीखवार. मागितल्या तर आनंदाने देईन.

आपला,
एक निवृत्त सागरी अभियंता
रत्नागिरी